निबंधाचा पहिला वाचक

शाळेतील निबंधाच्या वहीचा प्रवास ठरलेला असतो. विद्यार्थी निबंध लिहितो, वही शिक्षकांच्या टेबलावर जाते, काही दिवसांनी ती लाल शाईच्या खुणा घेऊन परत येते. विद्यार्थी आधी शेवटचे पान उलगडतो, गुण पाहतो आणि वही मिटतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांभोवती काढलेली वर्तुळे, समासात लिहिलेले 'ठीक' किंवा 'विस्तार हवा' असे एखाद-दुसरे शब्द, एवढ्यावर त्या लेखनाचे आयुष्य संपते. वर्गात चाळीस विद्यार्थी असले, तर चाळीस निबंध लिहिले जातात. परंतु प्रत्येक निबंधाला वाचक मिळतो तो एकच, आणि तोही तपासणे हे ज्याचे कर्तव्य आहे असा. उरलेले एकोणचाळीस जण त्याच खोलीत बसलेले असतात, त्याच विषयावर लिहीत असतात, पण शेजारच्याने काय लिहिले हे त्यांना कधीच कळत नाही. उलट, शेजारच्याच्या वहीत डोकावणे हा तर गुन्हा ठरतो.

ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही उणीव आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. वस्तुतः उणीव मोठी आहे. लेखन हे कोणाला तरी काही सांगण्यासाठी असते. पत्र लिहिणाऱ्यासमोर पत्र वाचणारा असतो, अर्ज लिहिणाऱ्यासमोर अधिकारी असतो, वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यासमोर हजारो वाचक असतात. केवळ शालेय निबंधाला वाचक नसतो, परीक्षक असतो. वाचक जाणून घेण्यासाठी वाचतो. परीक्षक चूक शोधण्यासाठी वाचतो. ज्याला आयुष्यभर परीक्षकासाठीच लिहावे लागते, तो सांगण्याजोगे लिहिण्याऐवजी चूक होणार नाही असे लिहू लागतो. मग सर्वांचे निबंध एकसारखे होतात. पावसाळ्यावरील प्रत्येक निबंधात मोर नाचतो आणि श्रमाचे महत्त्व सांगणारा प्रत्येक निबंध मुंगीपासून सुरू होतो.

यावर एक साधा उपाय आहे. विद्यार्थ्यांचे निबंध शिक्षकांकडे जाण्यापूर्वी सहाध्यायींनी वाचावेत अथवा ऐकावेत आणि त्यांवर आपला अभिप्राय द्यावा. हा उपाय दिसायला सोपा असला, तरी तो नीट योजला तरच फळ देतो. घाईने, योजनेविना केला तर अपाय करतो. म्हणूनच तो का करावा याबरोबर कसा करावा याचाही विचार आवश्यक आहे.

विद्यार्थ्याच्या लेखनाला खरा वाचक मिळाला तर काय घडते, याचे एक तेजस्वी उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेत मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी शिकत होती. मांग आणि महार समाजांना सोसाव्या लागणाऱ्या दुःखांविषयी तिने एक निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तो निबंध शिक्षकांच्या टेबलावरच राहिला असता, तर त्यातील एका शब्दाचीही आज कोणाला माहिती नसती. तो वर्गाबाहेर गेला, लोकांनी वाचला, आणि पावणेदोनशे वर्षांकडे वाटचाल होत असताना आजही वाचला जातो. प्रत्येक विद्यार्थ्याचे लेखन छापले जाणे शक्य नाही. पण प्रत्येकाला चार वाचक मिळणे मात्र सहज शक्य आहे, कारण ते चौघे त्याच्या शेजारीच बसलेले असतात.

मुक्त विद्यालयाच्या संदर्भात तर हा विचार अधिकच महत्त्वाचा ठरतो. नेहमीच्या शाळेतील वर्गात सर्व मुले एकाच वयाची, बहुधा एकाच परिसरातील असतात. मुक्त शिक्षणाच्या संपर्क वर्गात तसे नसते. तेथे पंधरा वर्षांचा मुलगा आणि पंचेचाळीस वर्षांची गृहिणी शेजारी शेजारी बसतात. कोणी गवंडीकाम करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी शिवणकाम करते, कोणी अंगणवाडीत मदतनीस असते. महाराष्ट्रापासून दूर इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथे राहणारे मराठी भाषकही अशा वर्गात असू शकतात. एवढा विविध अनुभव ज्या खोलीत एकत्र जमतो, तेथे 'माझा व्यवसाय' या विषयावरील निबंध केवळ शिक्षकांनीच वाचावेत, हा त्या अनुभवाचा अपव्यय होय. विटांच्या भिंतीविषयी गवंड्याला जे माहीत असते, ते शिक्षकांना माहीत असतेच असे नाही. आणि ते ऐकून घेण्याची उत्सुकता शेजारी बसलेल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना असू शकते.

तथापि याच वर्गात एक अदृश्य भीतीही बसलेली असते. शाळा अर्धवट सुटलेल्यांपैकी अनेकांच्या मनात फळ्यापुढे उभे राहून चुकीचे वाचल्याची, वर्ग हसल्याची, वही सर्वांसमोर उंच धरून दाखवली गेल्याची आठवण असते. गरिबी, स्थलांतर, लग्न, घरातील जबाबदाऱ्या ही शाळा सुटण्याची मोठी कारणे खरीच. पण अपमान हेही एक कारण असते आणि ते कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही. असा विद्यार्थी पुन्हा धैर्य एकवटून वर्गात येतो. त्याचे लेखन दुसऱ्यांच्या हाती देणे म्हणजे त्या जुन्या जखमेला स्पर्श करणेच होय. म्हणून 'आता एकमेकांचे निबंध तपासा' असे सांगून वर्ग मोकळा सोडणे हा बेजबाबदारपणा ठरेल. सहाध्यायींचा अभिप्राय विद्यार्थ्याला उभा करू शकतो, तसाच तो त्याला दुसऱ्यांदा शाळेबाहेर घालवू शकतो. दोहोंतील फरक योजनेचा आहे.

योजनेकडे वळण्यापूर्वी एका आक्षेपाचा विचार करावयास हवा. ज्यांना स्वतःलाच शुद्ध लिहिता येत नाही, ते दुसऱ्याचे लेखन काय सुधारणार, असा तो आक्षेप आहे. अजाण माणसाने अजाणाला वाट दाखवावी तसा हा प्रकार होईल, अशी अनेक शिक्षकांची शंका असते. ही शंका अगदीच निराधार नाही. ज्याला स्वतःला 'की' आणि 'कि' यांतील योग्य रूप माहीत नाही, तो दुसऱ्याची बरोबर असलेली 'की' चुकीची ठरवू शकतो. परंतु या आक्षेपामागे एक गृहीत लपलेले आहे. चांगले लेखन म्हणजे शुद्ध आणि सुवाच्य लेखन, हे ते गृहीत होय.

या गृहीताला मोठी परंपरा आहे. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे आणि त्यात वळणदार अक्षर, ओळी, समास यांची तपशीलवार चर्चा आहे. हाताने पोथ्या उतरवण्याच्या काळात ते योग्यच होते. सुवाच्य अक्षराचे आणि शुद्ध लेखनाचे महत्त्व आजही कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शुद्धतेचे नियम हे भाषेच्या सोयीसाठी केलेले असतात आणि काळानुसार ते बदलतातही. 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार देऊन लिहिणे एके काळी शुद्ध मानले जात असे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले नियम १९६२ मध्ये मान्य झाले. उच्चारात नसलेले असे अनुस्वार त्यांनी काढून टाकले. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून एकूण अठरा नियम झाले. जो अनुस्वार न दिल्याबद्दल एका पिढीने गुण गमावले, तोच दिल्याबद्दल पुढच्या पिढीने गमावले. त्या अनुस्वाराच्या असण्या-नसण्याने निबंधातील विचार मात्र लहान किंवा मोठा झाला नाही.

तेव्हा शुद्धलेखन तपासण्याचे काम शिक्षकांकडे, शब्दकोशाकडे आणि नियमांच्या पुस्तिकेकडेच राहू द्यावे. सहाध्यायीकडे वेगळे काम द्यावे. ते काम करण्यासाठी व्याकरणाच्या पांडित्याची गरज नसते. वाचताना कोठे समजले, कोठे अडखळायला झाले, कोणता प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला, कोठे आणखी जाणून घ्यावेसे वाटले, हे प्रत्येक वाचक सांगू शकतो. किंबहुना, हे सांगण्याच्या बाबतीत त्याचा अधिकार शिक्षकांइतकाच असतो, कारण स्वतःला काय समजले हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. अमेरिकेतील लेखनशिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, शिक्षकांशिवाय चालणाऱ्या लेखनवर्गाविषयीच्या पुस्तकात याच गोष्टीवर भर दिला होता. वाचकाने निवाडा देण्याऐवजी वाचताना आपल्या मनात काय घडले ते लेखकाला सांगावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा विचार मान्य झाला, की योजना आखणे सोपे जाते. वर्गाचे चार-चार जणांचे गट करावेत. गटात निरनिराळ्या वयाचे आणि व्यवसायांचे विद्यार्थी असावेत. मात्र एकाच घरातील, अथवा मालक आणि कामगार असे नाते असलेले विद्यार्थी शक्यतो वेगवेगळ्या गटांत असावेत, कारण तेथे मोकळेपणाने बोलणे कठीण जाते. प्रत्येक निबंधासाठी पंधरा मिनिटे ठेवावीत. पहिली चार मिनिटे लेखकाने आपला निबंध स्वतः मोठ्याने वाचावा. स्वतः वाचण्याचे दोन लाभ आहेत. ज्यांना दुसऱ्याचे हस्ताक्षर वाचणे अवघड जाते, त्यांनाही ऐकता येते. आणि आपले वाक्य कोठे मोडते हे लेखकाच्या स्वतःच्या कानाला जाणवते. त्यानंतरची तीन मिनिटे कोणी बोलू नये. ऐकणाऱ्या तिघांनी आपापले अभिप्राय कागदावर टिपून घ्यावेत. आधी लिहिले नाही, तर पहिला बोलणारा जे म्हणेल तेच बाकीचे दोघे म्हणतात, असा सर्वत्र अनुभव येतो. मग प्रत्येकाने दोन मिनिटे, अशी सहा मिनिटे अभिप्राय सांगण्यासाठी असावीत. शेवटची दोन मिनिटे लेखकाची. अशा रीतीने एका तासात गटातील चारही निबंध ऐकून होतात.

अभिप्राय कसा द्यावा हे शिकवावे लागते. सुरुवातीच्या काही वर्गांत त्यासाठी तीन अपुरी वाक्ये फळ्यावर लिहून ठेवावीत आणि प्रत्येकाने ती पूर्ण करावीत. 'या निबंधातून मला समजले ते असे...', 'माझ्या मनात राहिला तो भाग असा...', आणि 'मला आणखी ऐकायला आवडेल ते याविषयी...'. या तीन वाक्यांच्या चौकटीत कोणाचा अपमान करणे जवळजवळ अशक्य होते आणि पोकळ स्तुती करणेही अवघड जाते. 'छान आहे' या अभिप्रायाने लेखकाला क्षणभर बरे वाटते, पण पुढे काय करावे हे कळत नाही. 'काही अर्थ नाही' या अभिप्रायाने तर लिहिण्याची इच्छाच मरते. 'दुसरा परिच्छेद मला पुन्हा ऐकावासा वाटला, कारण आधी तुम्ही गावाविषयी बोलत होता आणि एकदम शहर आले', असा अभिप्राय मात्र लेखकाच्या हाती काम देतो. त्यात दोष दाखवला आहे, पण माणसाला दोष दिलेला नाही.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, भाजीविक्री करणाऱ्या एका विद्यार्थिनीने 'माझा व्यवसाय' या विषयावर असे लिहिले: 'मी भाजी विकते. त्यासाठी पहाटे लवकर उठून बाजारात जावे लागते. हा व्यवसाय फार कष्टाचा आहे. परंतु परिश्रम हीच यशाची गुरुकिल्ली आहे.' या चार वाक्यांत शुद्धलेखनाची एकही चूक नाही. लाल शाईला येथे काहीच काम नाही आणि तरीही निबंध निर्जीव आहे. गटात मात्र प्रश्न येतात. रिक्षा चालवणारा तरुण विचारतो, "ताई, पहाटे म्हणजे किती वाजता? आणि एवढ्या लवकर बाजारापर्यंत जाता कशा?" शिवणकाम करणारी विद्यार्थिनी विचारते, "माझे न शिवलेले कापड दुसऱ्या दिवशीही चालते. तुमची न विकलेली मेथी काय करता?" तिसरा एवढेच म्हणतो, "शेवटचे वाक्य भिंतीवरच्या सुविचारासारखे वाटले. ते तुमचे वाटले नाही."

पुढच्या आठवड्यात तोच निबंध वेगळा होऊन येतो: 'मी पहाटे तीनला उठते. आम्ही सहा जणी मिळून टेंपोचे भाडे भरतो. एक जण आली नाही, तर बाकीच्या पाच जणींचे भाडे वाढते. म्हणून ताप असला तरी कोणी घरी राहत नाही. मेथी दुपारी बारापर्यंत विकली गेली नाही, तर ती मलूल होते. मग ती निम्म्या भावाने द्यावी लागते किंवा घरी नेऊन भाजी करावी लागते. ज्या दिवशी धंदा वाईट होतो, त्या दिवशी मुले मेथी खातात.' या परिच्छेदात परिश्रम हा शब्दही नाही. परंतु परिश्रम म्हणजे काय ते वाचणाऱ्याला कळते. हे सर्व त्या विद्यार्थिनीला आधीपासूनच ठाऊक होते. ते सांगण्याजोगे आहे, एवढेच तिला ठाऊक नव्हते. ते तिला कोणत्याही नियमाने शिकवले नसते. ते शेजाऱ्याच्या कुतूहलाने शिकवले.

या प्रक्रियेत लेखकालाही काही पथ्ये पाळावी लागतात. अभिप्राय चालू असताना त्याने खुलासे देऊ नयेत, केवळ ऐकावे आणि टिपून घ्यावे. 'मला तसे म्हणायचे नव्हते' हे वाक्य ओठांवर येते तेव्हाच लेखनात काही राहून गेल्याचे समजावे, कारण प्रत्येक वाचकापाशी खुलासा करायला लेखक जाऊ शकत नाही. मात्र अभिप्राय ऐकणे म्हणजे तो मान्य करणे नव्हे. तिघांनी तीन परस्परविरोधी सूचना केल्या, तर कोणती स्वीकारावी हे लेखकानेच ठरवावे. निबंध अखेर त्याचा आहे. हा अधिकार स्पष्ट शब्दांत सांगितला गेला पाहिजे. प्रौढ विद्यार्थ्याला इतरत्र बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांचे निर्णय मान्य करावे लागतात. निदान आपल्या वहीत तरी अंतिम शब्द त्याचा असावा.

बोलीच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. गटात कोणी विदर्भातील असेल आणि 'मी काम करून राहिलो आहे' असे लिहील; कोणी मालवणी घरातील असेल आणि मुलीला 'चेडू' म्हणेल. प्रमाण मराठीची सवय असलेल्याला येथे हसू येते, आणि ते हसू लेखकाच्या घरादारापर्यंत पोहोचते. बोली ही अशुद्ध भाषा नव्हे. ती वेगळी भाषा-पद्धती आहे. परीक्षेत, अर्जात, कार्यालयीन पत्रात प्रमाण भाषा वापरावी लागते आणि ती शिकणे विद्यार्थ्याच्याच हिताचे आहे. परंतु आईचे बोलणे निबंधात जसेच्या तसे उतरले असेल, तर ते तसेच राहू देण्यात औचित्य असते. म्हणून बोलीतील शब्दावर हसू नये, तो समजला नाही तर अर्थ विचारावा, असा नियम गटाने आरंभीच करावा. असा प्रश्न विचारला गेला, की ज्या शब्दाची लाज वाटत होती, तोच शब्द समजावून सांगताना बोलणाऱ्याचा आवाज मोठा होतो.

आणखी एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. सहाध्यायींनी एकमेकांना गुण देऊ नयेत. 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०' मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापन यांनाही स्थान द्यावे असे सुचवले आहे. विद्यार्थ्यांच्या मताला अधिकृत मान मिळणे स्वागतार्ह आहे. तथापि ते मत आकड्यात व्यक्त होऊ लागले, की त्याचे स्वरूप पालटते. गुण द्यायचे म्हटले, की मैत्री, संकोच, स्पर्धा, कधी कधी जात आणि गावकीही मध्ये येते. 'तू मला आठ दे, मी तुला आठ देतो' असा सौदा होतो आणि वाचक पुन्हा एकदा परीक्षक बनतो. शिक्षकांनी तपासावयाच्या स्वाध्यायाचे गुण शिक्षकांनीच द्यावेत. सहाध्यायीने दिलेली भेट शब्दांची असावी.

विद्यार्थ्यांनी एकमेकांना शिकवण्याची कल्पना भारताला नवी नाही, आणि तिचा इतिहास एक इशाराही देतो. गावोगावच्या जुन्या शाळांत मोठी मुले लहान मुलांकडून धुळाक्षरे गिरवून घेत असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमात काम करणारे अँड्र्यू बेल यांनी स्थानिक शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली, आपल्या आश्रमात मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत सुरू केली आणि १७९७ मध्ये तिचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये ती 'मद्रास पद्धती' या नावाने ओळखली गेली. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनीही अशीच शाळा चालवली, जेथे एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले शिकत. पण या पद्धतीचे मुख्य आकर्षण तिचा स्वस्तपणा हे ठरले. मोठा मुलगा शिक्षकांनी सांगितलेले पाठ लहान मुलांकडून घोकून घेऊ लागला. प्रश्न, संवाद, विचार यांना तेथे वाव उरला नाही आणि काही दशकांतच ती पद्धती मागे पडली. सहाध्यायींचे साहाय्य शिक्षकांच्या जागी आणले, की काय होते, याचा हा धडा आहे.

म्हणून सहाध्यायींच्या अभिप्रायामुळे शिक्षकांचे काम संपते, असा समज कोणी करून घेऊ नये. चाळीस निबंध प्रत्येकी दहा मिनिटे देऊन वाचायचे, तर चारशे मिनिटे, म्हणजे साडेसहा तासांहून अधिक वेळ लागतो. ही शिक्षकांची अडचण खरी आहे. परंतु गटकार्याने हे काम टळत नाही, ते बदलते. शिक्षकांनी पहिल्या दिवशी एखादा जुना, लेखकाचे नाव नसलेला निबंध घेऊन संपूर्ण वर्गासमोर अभिप्राय देऊन दाखवावा. गट काम करीत असताना त्यांनी गटागटांतून फिरावे, कोठे एकच जण बोलत असेल तर इतरांना बोलते करावे, कोठे जीभ तिखट होत असेल तर वेळीच थांबवावे. शेवटी त्यांनी दुसरा खर्डा वाचावा. पहिल्या खर्ड्यातील गोंधळ गटात बराचसा निवळलेला असल्याने शिक्षकांना भाषेच्या बारकाव्यांकडे लक्ष देण्यास उसंत मिळते. शुद्धलेखनाची खरी वेळही हीच असते. जे सांगायचे आहे ते नीट सांगून झाले, की ते नेटके लिहावे अशी ओढ लेखकाला आपोआप लागते.

वेळ कमी असतो, हा दुसरा आक्षेप. संपर्क वर्ग मोजके असतात, अभ्यासक्रम मोठा असतो, परीक्षा जवळ असते. हे सर्व खरे आहे. परंतु दहा निबंध एकदाच लिहून वही मिटण्यापेक्षा चार निबंध दोनदा लिहिण्याने अधिक शिकता येते. परीक्षेत कोणता विषय येईल हे कोणालाच माहीत नसते. आपले म्हणणे वाचणाऱ्याला समजेल की नाही, हे ओळखण्याची सवय मात्र प्रत्येक विषयाला उपयोगी पडते. काही वर्षे प्रश्न ऐकून घेतलेला विद्यार्थी एकटा लिहीत असतानाही ते प्रश्न स्वतःला विचारू लागतो. परीक्षेच्या दालनात गट बरोबर नेता येत नाही. गटाने लावलेली ही सवय मात्र नेता येते.

ज्यांना वर्गात येणेच शक्य नाही, अशांचे काय, हा प्रश्न मुक्त शिक्षणात नेहमीच उभा राहतो. परप्रांतातील एखाद्या अभ्यास केंद्रात मराठी घेतलेले दोनच विद्यार्थी असू शकतात, कधी एकच. तेथे वाचक शोधावा लागतो. शेजारी, घरातील शिकणारी मुले, कामावरचा सोबती यांपैकी कोणालाही निबंध वाचून दाखवता येतो आणि फळ्यावरची तीच तीन वाक्ये त्यांच्याकडूनही पूर्ण करून घेता येतात. दोन दूरच्या विद्यार्थ्यांना टपालाने किंवा फोनवरून एकमेकांचे वाचक होता येते. सासू-सुना, मायलेकी एकाच वेळी शिकत असतील, तर स्वयंपाकघरही लेखनवर्ग होऊ शकते. मराठी शाळांतील हस्तलिखितांची जुनी परंपराही येथे आठवावी. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. छापखाना नसताना, पैसा नसताना केवळ कागद, शाई आणि वाचणारी मुले यांच्या बळावर ते चालले. वर्षाच्या अखेरीस प्रत्येक गटाने आपले सुधारलेले निबंध एकत्र बांधून असे एखादे हस्तलिखित तयार केले, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्यासारख्याच माणसांनी लिहिलेले पुस्तक वाचायला मिळेल.

या सर्वांचा उपयोग निबंधापुरताच आहे असेही नाही. दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, न समजलेले विचारणे, मतभेद असला तरी माणसाचा अवमान न करता तो सांगणे, आणि स्वतःवरची टीका ऐकून तिच्यातील घेण्याजोगे तेवढे घेणे, या गोष्टी ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत, कामगारांच्या संघटनेत आणि घरातही लागतात. त्या व्याख्यानाने येत नाहीत, सरावाने येतात. चार जणांच्या गटात मेथीच्या जुडीविषयी विचारलेला एक प्रश्न हा त्या सरावाचा आरंभ असतो.

निबंध लिहिणाऱ्याला गुण हवेच असतात आणि ते मिळायलाही हवेत. परंतु ज्या माणसाचे म्हणणे आजवर कोणी ऐकून घेतले नाही, त्याला गुणांच्याही आधी श्रोता हवा असतो. तो श्रोता शेजारच्या बाकावर बसलेला आहे. त्याला ऐकायला शिकवणे आणि त्याच्यासाठी वेळ राखून ठेवणे, एवढे काम शिक्षणाने करावयाचे आहे.